तांबूला एक कागद द्या : माजी सैनिकांच्या कल्याणाचा कारभार पाहणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माजी सैनिकांचे उपचार आणि कल्याण यांचा कारभार पाहणारे केंद्र व राज्य शासनातील सर्व अधिकारी

महोदय,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात यांच्या तपासणीची तारीख होती म्हणून आम्ही तिघं सकाळी लवकरच घरातून निघालो. तिघं म्हणजे मी, हे आणि तांबू. तांबू आमची कुत्री. गावठी, तांबड्या रंगाची, मागच्या डाव्या पायाने लंगडते. रुग्णालयाच्या फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा केला. "कुत्रं आत न्यायचं नाही, वरून ऑर्डर आहे." मी पिशवीतून फाइल काढली. मानसोपचार डॉक्टरांची चिठ्ठी, रेबीजच्या लसीचं कार्ड, नसबंदीचा दाखला, सगळं त्याच्यापुढे धरलं. त्याने एकेक कागद उलटून वाचला. तोही पेन्शनवर आलेला फौजीच होता. शेवटी म्हणाला, "वहिनी, हे सगळं खरंय. पण कुत्रीचा पास कुठाय?"

पास नव्हता. असा पास देणारं कार्यालय मला आजवर सापडलेलं नाही.

तांबूला बाहेर चहाच्या टपरीजवळच्या कडुनिंबाला बांधलं आणि आम्ही आत गेलो. ओपीडीबाहेर पन्नासेक माणसं होती. हे भिंतीला पाठ लावून उभे राहिले, कारण मागे कुणी उभं असलं की यांना सोसत नाही. एरवी रांगेत यांच्या पाठीशी तांबू असते. अर्ध्या तासाने कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे फरशीवर पडला. मी वळून बघेपर्यंत हे दोन बाकांच्या मधल्या जागेत पालथे झाले होते, दोन्ही हात डोक्यावर. लोक बघायला लागले. एका पोराने मोबाइल वर धरला. यांना उठवून, हाताला धरून बाहेर आणलं, तर टपरीसमोर कुत्री धरायची गाडी उभी आणि तांबूच्या गळ्यात पट्ट्याच्या वरून फास.

यांनी आवाज चढवला नाही. फासाची काठी धरणाऱ्याच्या हातावर हात ठेवून "माझी आहे" एवढंच म्हणाले आणि तिथेच मातीत बसले. तांबू सरकत सरकत यांच्या मांडीवर आली. त्या माणसाने फास सैल केला, माफीही मागितली. डॉक्टरांची वेळ मात्र निघून गेली होती. पुढची तारीख मिळाली सहा आठवड्यांनंतरची.

रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. पहारेकरी, गाडीवरची माणसं, खिडकीतल्या बाई, सगळे आपापल्या जागी नियमाला धरून वागले. नियम तुम्ही करता, म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी सातारा जिल्ह्यातली, अंगणवाडी सेविका. आमच्या भागात फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. आमच्या जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंगे या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. हे मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं होते, हवालदार म्हणून पेन्शनवर आले. दोन वेळा राष्ट्रीय रायफल्सबरोबर काश्मीरला गेले. दुसऱ्या खेपेला यांच्या पुढची गाडी सुरुंगावर गेली. त्या गाडीत यांच्याच बरॅकीतले दोघं होते. यांच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता, आणि तिथेच घात झाला. दाखवायला जखम नव्हती, विचारणारं कुणी नव्हतं आणि हे स्वतःहून बोलणारे नव्हेत.

घरी आल्यावर पहिली दोन वर्षं मी समजत राहिले की माणूस घरात रुळतोय. उंबऱ्याजवळ जमिनीवर झोपायचे, दाराकडे तोंड करून. रात्रीतून तीन-तीनदा उठून कडी चाचपायचे. लग्नात फटाक्यांची माळ लागायच्या आत भरल्या ताटावरून उठायचे. गणपती विसर्जनाच्या रात्री गावाबाहेर शेतातल्या विहिरीवर जाऊन बसायचे. आणि एका रात्री झोपेत यांचा हात माझ्या गळ्यावर आला. जाग आल्यावर यांनी माझ्या गळ्यावरचे वळ पाहिले. त्या दिवसापासून हे वेगळ्या खोलीत, आतून कडी लावून झोपायला लागले. माझ्यापासून स्वतःला नव्हे, स्वतःपासून मला वाचवायला. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि यांना विचारून लिहिते आहे.

बायका मला म्हणायच्या, "पीत नाही, मारत नाही, मग झालंय तरी काय तुझ्या माणसाला?" याला नाव आहे हे कळायलाच सहा वर्षं गेली. आघातानंतरचा ताणविकार, डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी झोप आली, स्वप्नं गेली नाहीत.

तांबू आली २०२१ च्या पावसाळ्यात. कोरेगाव रस्त्याला तिला गाडीने उडवलं होतं. हे तिला आपल्या जुन्या बरसातीत गुंडाळून घरी घेऊन आले. बाकी घरात कुणाशी चार शब्द न बोलणारा माणूस त्या कुत्रीला दर तीन तासांनी दूध पाजायला उठत होता. पाय जुळला पण वाकडाच. तिने मात्र यांच्या खोलीबाहेर, बंद दाराला लागून झोपायला सुरुवात केली. आत यांचा श्वास वाढला की ती दार खरवडायची. यांना जाग यायची. एक दिवस यांनी कडी काढून टाकली.

शेजारच्या गावात यांच्या ओळखीचे एक नाना आहेत. फौजेची जनावरं सांभाळणाऱ्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमधून पेन्शनवर आले, आयुष्यभर स्फोटकं हुंगणारी कुत्री सांभाळली. त्यांनी तांबूला पाहिलं आणि आधी तिची परीक्षा घेतली. तिच्या मागे पातेलं आपटलं, तोंडातली भाकरी काढून घेतली, पोरांना तिच्या अंगाखांद्यावर खेळू दिलं. अनोळखी माणसाला तिच्या पुढ्यातून पळायला लावलं. ती गुरगुरली नाही आणि पळालीही नाही. नाना म्हणाले, "सगळी कुत्री याला चालत नाहीत. ही चालेल." मग आठ महिने आमच्या अंगणात रोज संध्याकाळी तासभर शिकवणी. रांगेत यांच्या पाठीशी उभं राहायचं. गर्दीत यांच्या आणि लोकांच्या मध्ये यायचं. श्वास वाढला, हात थरथरायला लागले की मांडीवर सगळं वजन टाकून बसायचं. भुंकायचं नाही. झोपेतून उठवायचं ते हाताला नाक लावून, चेहऱ्याजवळ जायचं नाही.

परवाच्या रात्रीचं सांगते. पावणेतीन वाजले असतील. यांच्या घशातून तो आवाज आला, जो मी आता भिंतीपलीकडूनही ओळखते. मी उठून दारात गेले, आत गेले नाही. तांबू उठली होती. तिने यांच्या पालथ्या पंज्याखाली नाक घालून हात वर ढकलला, तो पडला, पुन्हा ढकलला. चौथ्यांदा यांची बोटं हलली आणि तिच्या कानामागच्या केसांत गेली. डोळे उघडायच्या आधी बोटं गेली. मग हे उठून बसले आणि तिला विचारलं, "पाणी प्यायलीस का गं?" तिची वाटी रिकामी होती. ती भरायला हे स्वयंपाकघरात आले आणि मला दारात बघून म्हणाले, "तू कशाला जागी?" पूर्वी अशा रात्रीनंतर हे दोन-दोन दिवस जेवत नसत.

हे एका घरात झालं, म्हणून सगळ्यांना करा असं मी म्हणत नाही. माझी मुलगी पुण्यात मानसशास्त्र शिकते. तिने मला अमेरिकेतलं काम वाचून दाखवलं. तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याने १८१ जणांना कुत्री देऊन १८ महिने त्यांचा मागोवा घेतला. काहींना खास शिकवलेली कुत्री, काहींना फक्त सोबतीची. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. रोजच्या जगण्यातल्या अडचणींत दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही, हेही त्यात प्रामाणिकपणे लिहिलं आहे. पण शिकवलेली कुत्री होती त्यांची लक्षणं अधिक कमी झाली आणि जीव देण्याचे विचारही त्यांच्यात कमी आढळले. त्याच वर्षी २५ ऑगस्टला तिथे कायदा झाला आणि पाच ठिकाणच्या सरकारी रुग्णालयांत पाच वर्षांचा प्रयोग ठरला. त्यात माजी सैनिक स्वतः कुत्र्यांना शिकवतात. शिकवणं हाच उपचार. २०२४ मध्ये १५६ माजी सैनिकांवरचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर ज्यांना कुत्रं मिळालं होतं, त्यांच्यात तीन महिन्यांनी आजाराचं निदान कायम राहण्याची शक्यता बरीच कमी निघाली. त्यातली कुत्री देणारी फ्लोरिडातली संस्था, के-नाइन्स फॉर वॉरियर्स, २०११ पासून हे काम करते आणि तिची बरीचशी कुत्री निवाऱ्यातून सोडवून आणलेली असतात. कुणीतरी टाकून दिलेली, तांबूसारखी.

कुत्र्याने आजार बरा होतो असं यातलं कुणीही म्हणत नाही. मीही म्हणत नाही. यांच्या गोळ्या चालू आहेत, चालू राहतील.

आता माझी गाऱ्हाणी.

पहिलं आणि सगळ्यात मोठं : तुमच्या कुठल्याच रजिस्टरात तांबूसाठी रकाना नाही. मी स्वतः रोज रजिस्टरं भरते, रकाना नसला की माणसाचं काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे, त्यात मानसिक आजार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क दिला आहे. पांढऱ्या काठीला, श्रवणयंत्राला, चाकाच्या खुर्चीला योजना आहेत. मदतनीस कुत्र्याचा विषय निघाला की सगळे एकमेकांकडे बघतात. मी एका कार्यालयात रीतसर अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी तो दोनदा वाचला, मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "बाई, हे कुठल्या हेडखाली घ्यायचं?" पशुसंवर्धन म्हणतं आरोग्याकडे जा, आरोग्य म्हणतं सैनिक कल्याणाकडे जा. अर्ज फिरतो आहे.

दुसरं : ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवायला सांगितलं. त्या आदेशाशी माझं भांडण नाही. माझ्या अंगणवाडीतल्या एका पोरीच्या पोटरीचा लचका कुत्र्याने तोडला होता. तिला इंजेक्शनांना घेऊन जाताना तिची आई माझ्या खांद्यावर रडली होती. कुत्र्याला घाबरणाऱ्या आईला मी कधीच चूक म्हणणार नाही. पण आदेश भटक्या कुत्र्यांचा आहे. पट्टा, लस, नसबंदी, शिकवण आणि मालक असलेलं कुत्रं फाटकावर आलं तर काय करायचं, हे खालच्या माणसाला कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. लिहून दिलं नाही की तो सरसकट अडवतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही अडवलं असतं.

तिसरं, प्रवास. पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे जायचं तर रेल्वेत कुत्र्यासाठी पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर त्याला ब्रेक व्हॅनमधल्या पेटीत घाला. तांबू पेटीत आणि हे डब्यात, मग तिला नेऊन उपयोग काय? आम्ही जीप भाड्याने करतो. एका फेरीत पेन्शनला भोक पडतं.

चौथं जरा वेगळं आहे. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात टेलि-मानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आजारासाठी मदत देणाऱ्या सरकारी सेवेचा, फौजींसाठी खास कक्ष सुरू झाला. हे चांगलं काम आहे, ज्यांनी केलं त्यांना माझा नमस्कार. पण फोन करायला माणूस जागा आणि शुद्धीवर लागतो. पावणेतीन वाजता, डोळे मिटलेले असताना, फोन कोण लावणार?

आणि पाचवं : बायकांना कुणी विचारत नाही. एवढ्या वर्षांत एकाही फॉर्मवर "रात्री कसे झोपतात?" हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

कुत्र्याची किंमत फौजेला कळत नाही असं थोडंच आहे? जुलै २०२२ मध्ये बारामुल्लात फौजेचा कुत्रा अॅक्सेल मारला गेला, त्याला मरणोत्तर मेन्शन इन डिस्पॅचेस हा फौजी सन्मान मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अनंतनागला गोळ्या लागूनही झूम लढत राहिला आणि श्रीनगरच्या पशुरुग्णालयात त्याने प्राण सोडला. सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीत केंट तिच्या हँडलरला वाचवताना गेली. झूमची बातमी आली त्या दिवशी यांनी टीव्हीसमोर उठून सावधान उभं राहून सलामी दिली. सीमेवर कुत्रं जवानाचा साथीदार असतं, त्याला नंबर असतो, हँडलर असतो, डॉक्टर असतो, मेल्यावर पुष्पचक्र असतं. जवान पेन्शनवर घरी आला की त्याच्या शेजारचं कुत्रं एकदम भटकं कसं होतं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. सगळ्यात आधी एक ओळखपत्र. मानसोपचार डॉक्टरांनी गरज लिहून द्यावी, पशुवैद्यांनी लस-नसबंदी तपासावी, जाणत्या हँडलरने कुत्र्याच्या स्वभावाची कडक परीक्षा घ्यावी, आणि तिन्ही जुळलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने फोटोसह कार्ड द्यावं. परीक्षा दर वर्षी पुन्हा घ्या. एकदा जरी कुणाला चावलं तर कार्ड काढून घ्या, माझी हरकत नाही. वाटेल त्याला कार्ड वाटलंत तर ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यावरचा विश्वास उडेल, म्हणून परीक्षा कडकच हवी.

ते कार्ड असलेल्या कुत्र्याला माजी सैनिकांच्या दवाखान्यांच्या बाह्यरुग्ण विभागात, सैनिक कल्याणाच्या कार्यालयांत आणि कँटीनच्या रांगेत येऊ द्यावं, असं लेखी परिपत्रक काढा आणि ते फाटकापर्यंत पोहोचवा. ऑपरेशन थिएटरात, वॉर्डात नेऊ द्या असं मी म्हणत नाही. रेल्वे आणि एसटीकडे हा विषय तुम्ही न्या. माझ्या अर्जाने ते होणार नाही, तुमच्या पत्राने होईल.

आणि पुण्यात एक छोटा प्रयोग सुरू करा. वैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे, सातारा, सांगली, कोल्हापूरचे माजी सैनिक तीन-चार तासांच्या अंतरावर आहेत. न्यायालयाच्या आदेशांनंतर पालिकांच्या निवाऱ्यांत कुत्री वाढणार आहेत. त्यांतली शांत, तरुण, निरोगी कुत्री निवडा. शिकवायला रिमाउंट कोअरमधून पेन्शनवर आलेले नानांसारखे हँडलर घ्या, त्यांना रीतसर मानधन द्या. आमच्या नानांनी आठ महिन्यांचे आमच्याकडून फक्त शेतातले दोन पोती शाळू घेतले. सुरुवातीला वीस जोड्या पुरेत, पण दोन वर्षं नीट नोंदी ठेवा, आणि त्या नोंदी घेताना घरातल्या बाईलाही विचारा. उपयोग झाला नाही असं निघालं तर तसं छापा. दर ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनाला, माझ्या अंगणवाडीतली पोरं छातीला छोटा झेंडा लावून डब्यात नाणी टाकतात. त्या निधीतून एवढं जमायला हरकत नसावी.

यांच्या पुढच्या तपासणीची तारीख पंधरा दिवसांवर आली आहे. आम्ही तिघंही येणार आहोत. तांबूच्या गळ्यात मी नवा पट्टा घातला आहे. त्यावर यांचं नाव, मोबाइल नंबर आणि लसीची तारीख नानांनी पितळी पट्टीवर कोरून घेतली आहे. फाटकावर अडवलं तर वाद घालणार नाही. फाटकाबाहेरच्या त्या कडुनिंबाखाली हे तांबूजवळ बसतील आणि मी आत जाऊन विचारीन, की डॉक्टरांना पाच मिनिटं बाहेर येता येईल का.

आपली,
एका माजी सैनिकाची पत्नी
जिल्हा सातारा

सोबत : डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, तांबूच्या लसीकरण कार्डाची प्रत, फिरत असलेल्या अर्जाची पोच